पोथींतील चंपक व अंगणांतील देवचाफा : चंद्रपूर-गडचिरोली भागांतील एका झाडाची साक्ष व लागवड

चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे इ. स. १९८२ पावेतों एकच होते, व जुन्या कागदांत त्यांचा निर्देश चांदा या नांवानेंच येतो. या मुलुखांत देवळाच्या आवारांत, समाधीपाशीं, दर्ग्याच्या भिंतीलगत किंवा जुन्या वाड्याच्या परसांत एक झाड हटकून दृष्टीस पडतें. फांद्या जाड, करड्या व बोथट. कोठेंही खरचटलें तरी पांढरा चीक वाहूं लागतो. हिंवाळ्यांत सर्व पानें झडून झाड वाळल्यासारखें दिसतें, आणि चैत्र-वैशाखांत त्याच उघड्या फांद्यांच्या टोंकांवर पांढऱ्या, पोटांत पिंवळसर अशा पांच पाकळ्यांच्या फुलांचे गुच्छ येतात. कोणी यास पांढरा चाफा म्हणतात, कोणी देवचाफा, कोणी खुरचाफा. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींकडून या झाडासंबंधानें दोन प्रश्न वारंवार येतात. माहात्म्यांत व पूजाविधींत सांगितलेला चंपक तो हाच ना, हा पहिला. आणि तो आपल्या आवारांत लावावयाचा तर कसा, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. तें आधीं स्पष्ट केलें पाहिजे, कारण या एका नांवाच्या घोटाळ्यामुळें ग्रंथाच्या व शिल्पाच्या कालनिर्णयांत चूक होण्याचा संभव असतो.

अमरकोशांत चाम्पेय, चम्पक व हेमपुष्पक हे तीन शब्द पर्याय म्हणून दिलेले आहेत, व त्याच्या कळीस गन्धफली असें स्वतंत्र नांव आहे. यांपैकीं हेमपुष्पक हा शब्द निर्णायक आहे. सोन्यासारखें फूल असणारा वृक्ष तो चंपक. पांढऱ्या फुलाच्या झाडास हें नांव लागू पडत नाहीं. संस्कृत कवि गौरांगीच्या कांतीस जी चंपकाची उपमा देतात, तीही सुवर्णवर्णाच्या आधारावर. मराठींत नाकास चाफेकळीची उपमा देतात, ती लांबट, निमुळती कळी सोनचाफ्याचीच. फार्सी ग्रंथाचीही साक्ष अशीच आहे. अबुल फजल यानें १६ व्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें सुवासिक फुलांची जी यादी दिली आहे, तींत चंपा हें फूल शंकूच्या आकाराचें, बोटाएवढें व दहा किंवा अधिक पाकळ्यांचें आहे असें वर्णन येतें. देवचाफ्याच्या पाकळ्या पांच. त्या मोजावयास कोशाची गरज नाहीं. ‘हॉर्टस मलबारिकस’ या डच ग्रंथाचा पहिला भाग इ. स. १६७८ त प्रसिद्ध झाला. त्यांत चंपकम् या नांवाखालीं जें चित्र आहे तेंही सोनचाफ्याचें.

यावरून मराठी वाङ्मयाकडे पाहिलें म्हणजे काय दिसतें? ज्ञानदेवांची म्हणून प्रसिद्ध असलेल्या विराणींत चांदण्याबरोबर व चंदनाबरोबर चाफ्याचा निर्देश आहे. आजचा वाचक तो वाचतांना दारांतील पांढरें फूल डोळ्यांसमोर आणतो. परंतु १३ व्या शतकांत तें फूल या देशांत कोणी पाहिलेलें असणें शक्य नाहीं. कारण देवचाफ्याचें मूळस्थान अमेरिका खंड होय.

हें झाड मेक्सिको व मध्य अमेरिका येथील रानांत स्वभावतः उगवतें. त्याच्या इतर जाति वेस्ट इंडीज बेटांत व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याकडे आहेत. मेक्सिकोंतील नाहुआट्ल भाषेंत त्यास ‘काकालोशोचिट्ल’, म्हणजे कावळ्याचें फूल, असें जुनें नांव आहे. फिलिपाईन बेटांत त्यास ‘कालाचुची’ म्हणतात. हें त्याच शब्दाचें रूपांतर होय. आकापुल्को व मनिला यांमध्यें इ. स. १५६५ पासून अडीचशें वर्षें स्पेनची जहाजें येत-जात होतीं, त्या मार्गाचा हा शब्द मूक साक्षीदार आहे. शास्त्रीय नांव ‘प्लुमेरिया’ हें शार्ल प्लुमिए (इ. स. १६४६–१७०४) या फ्रेंच संन्यासी वनस्पतिज्ञाच्या नांवावरून पडलें, तो वेस्ट इंडीजला तीन वेळां जाऊन आला होता. युरोपांत रूढ असलेलें ‘फ्रांजिपानी’ हें नांव मात्र झाडाचें नव्हे, हातमोज्यांस लावावयाच्या एका इटालियन अत्तराचें. या फुलाचा वास तसा वाटला म्हणून तें फुलास चिकटलें. असो. इ. स. १४९२ पूर्वी हें झाड आशियांत येण्यास मार्गच नव्हता, एवढें कालनिर्णयास पुरे आहे.

दक्षिणेकडील भाषांनीं या बाबतींत आपल्यापेक्षां अधिक सावधपणा दाखविला आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, सिरोंचा तालुक्यांत, तेलुगू बोलली जाते. आणि तेलुगूंत या झाडास देवगन्नेरु, म्हणजे देवकण्हेर, म्हणतात. कानडींतही देवकणगिले असाच शब्द आहे. आपण फुलाचा वास घेऊन त्यास चाफ्यांत घातलें; त्यांनीं चीक पाहून कण्हेरींत घातलें. वनस्पतिशास्त्राचा निवाडा त्यांच्याच बाजूचा आहे, कारण कण्हेर व देवचाफा हीं एकाच कुळांतील होत, आणि सोनचाफ्याशीं देवचाफ्याचा कांहीं एक संबंध नाहीं. मराठींत तर चाफा हें आडनांवच होऊन बसलें आहे: सोनचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा, भुईचाफा हीं सर्व परस्परांशीं नातें नसलेलीं किंवा दूरचें नातें असलेलीं झाडें. पोथींत नुसता ‘चांपा’, ‘चांफा’ किंवा ‘चाफा’ आढळल्यास, आणि ग्रंथ जुना असल्यास, सोनचाफाच समजावा. उलट, क्षीरचंपक हा शब्द अर्वाचीन वनौषधिग्रंथांतून देवचाफ्यास योजलेला आहे. तो एखाद्या प्रतींत आल्यास तिच्या प्राचीनत्वाचा दावा करणाऱ्यानें थांबून विचार करावा. भावप्रकाशांतील फिरंग रोगाच्या उल्लेखावरून तो ग्रंथ पोर्तुगीजांच्या आगमनानंतरचा ठरतो, त्याच न्यायानें. मिरची, तमाखू, पेरू, अननस, काजू यांची नांवें आपण कालनिर्णयास उपयोगांत आणतों. देवघरांतील फुलांकडे मात्र ती दृष्टि जात नाहीं. दसऱ्याच्या तोरणांतील झेंडू, निशिगंध व गुलबक्षी हीं तिन्हीं अमेरिकेचींच.

शिल्पांविषयीं दोन शब्द. गडचिरोली जिल्ह्यांत चामोर्शी तालुक्यांत वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा येथें जो देवालयांचा समूह आहे, त्याचें वर्णन कनिंगहॅमसाहेबांनीं आपल्या पुराणवस्तु-अहवालाच्या ९ व्या खंडांत केलें आहे. याच कनिंगहॅमसाहेबांनीं भारहुत येथील शिल्पांत सीताफळ ओळखिलें होतें, आणि सीताफळ अमेरिकेचें असल्यामुळें त्यावर पुष्कळ वाद माजला. दगडांत कोरलेल्या फळाफुलास नांव देणें किती जोखमीचें आहे हें त्या वादावरून कळतें. पांच पाकळ्यांचें फूल हें शिल्पकाराचें सर्वसामान्य अलंकरण आहे; तें दिसलें कीं देवचाफा म्हणावें असें नाहीं. देवचाफ्याच्या पाकळ्या एका बाजूनें एकीवर एक चढलेल्या, भिंगरीच्या पात्यांप्रमाणें वळलेल्या असतात. चित्रांकित पोथींत हा वळसा, पर्णहीन जाड फांदी व टोंकास गुच्छ हीं तिन्हीं लक्षणें एकत्र दिसलीं, तरच त्यास देवचाफा म्हणावें, आणि मग तें चित्र १६ व्या शतकापूर्वीचें म्हणूं नये. सोनचाफ्याचीं फुलें पानांच्या बगलेंत एकएकटीं येतात.

आणखी एक गोष्ट या प्रदेशापुरती. सोनचाफा हा सह्याद्रीच्या व पूर्व हिमालयाच्या ओल्या रानांतील वृक्ष आहे. आपल्या साग, ऐन, मोह, तेंदू व बांबू यांच्या रानांत तो स्वभावतः उगवत नाहीं. तेव्हां या भागांतील एखाद्या क्षेत्राच्या माहात्म्यांत नदीकांठच्या वनाचें वर्णन करितांना चंपक, बकुल, पुन्नाग अशी मालिका आली, तर ती कविसंकेताची समजावी. तेथें पूर्वी चंपकाचें वन होतें व पुढें तें नष्ट झालें, असा इतिहास त्यावरून रचूं नये. भ्रमर चंपकाकडे जात नाहीं हाही असाच एक संकेत. गंमत अशी कीं, देवचाफ्याच्या फुलांत खरोखरच मध नसतो. रात्रीं त्याचा वास वाढतो व त्या वासास भुलून मोठे निशाचर पतंग फुलोफुलीं व्यर्थ हिंडतात, आणि त्या हिंडण्यांतच परागांची देवघेव होते. परंतु हा निव्वळ योगायोग आहे. संस्कृत कवींस हें फूल माहीत नव्हतें.

प्राचीन काळाविषयीं देवचाफ्याची साक्ष अशी निरुपयोगी असली, तरी गेल्या तीन-चार शतकांविषयीं ती मोलाची आहे. या देशांत त्यास शेंगा क्वचितच धरतात. धरल्या तर त्या जोडीनें, शिंगांसारख्या येतात व आंत पंख असलेलें बीं असतें. पण बहुतेक झाडें जन्मभर निष्फळच राहतात. यामुळें पिंपळ-उंबरासारखें हें पांखरांच्या विष्ठेंतून भिंतींत रुजत नाहीं, कीं चिंच-निंबासारखें वाटेवर उगवत नाहीं. जेथें देवचाफा आहे तेथें तो कोणी तरी हातानें लाविला आहे. गडचिरोलीकडील रानांत ओसाड गांवांच्या ज्या रिठी आहेत, त्यांत घरांच्या मातीचा ढीग पावसानें सपाट होतो, लांकूड वाळवी खाते, आणि आंबा-चिंच आहेत त्यावरून कांहीं ठरत नाहीं. तेथें देवचाफा उभा असल्यास त्याच्या आसपास देवस्थान, समाधि किंवा घराचें अंगण होतें असें मानावयास हरकत नाहीं, आणि शोध करणाऱ्यानें तेथील दगडगोटे पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. झाडाच्या जाडीवरून वय काढण्याचा मात्र मोह नको. लांकूड मऊ असतें, जुनें खोड पोकळ होतें, मोडलेली फांदी पडल्या जागीं पुन्हां रुजते. मूळ झाड कोणतें व त्याचें पिल्लूं कोणतें हें सांगतां येत नाहीं.

संग्राहकांस हें एका दृष्टान्तानें पटेल. छाटापासून केलेलें झाड हें मूळ झाडाचीच अक्षरशः प्रत असते. तींत लेखकप्रमाद नाहीं. बियांपासून केलेल्या झाडांत पाठभेद फार: पांढऱ्याचें बीं पेरावें आणि तांबडें किंवा पिंवळें फूल यावें. म्हणून ज्यास ठराविक रंगाचें व वासाचें झाड हवें, त्यानें छाटच लावावा.

आतां लागवडीकडे वळूं. आपली हवा केवळ कोरडी आहे असें म्हणतां येत नाहीं. वर्षास साधारण ४५ ते ६० इंच पाऊस पडतो, पण तो बहुतेक चार महिन्यांत. पुढील आठ महिने कोरडे, व वैशाखांत चंद्रपूर शहरीं उष्णमान ४५ अंशांच्या वर जाणें नित्याचें. देवचाफ्याच्या मायदेशींही एक ओला व एक कोरडा ऋतु असतो. पानें टाकून तो कोरडा काळ काढतो व जाड फांद्यांत पाणी सांठवून ठेवतो. यास्तव वैशाखाच्या उन्हाची त्यास भीति नाहीं. त्याचा नाश होतो तो श्रावण-भाद्रपदांत, मुळाशीं पाणी तुंबून. सोनचाफ्याचें उलट: त्यास उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी नित्य लागतें, आणि गरम वाऱ्यानें त्याचीं पानें करपतात. पूजेस शास्त्रोक्त चंपकच हवा असा ज्यांचा आग्रह असेल, त्यांनीं विहिरीजवळ, पश्चिमेकडून आडोसा करून सोनचाफा लावावा व खर्च सोसावा. इतरांस देवचाफाच सुखाचा.

छाट घेण्याचा काळ माघ ते चैत्र, झाडास पानें नसतांना. पक्क्या, करड्या सालीची, अंगठ्याहून जाड अशी फांदी धारदार कोयत्यानें एका घावांत तोडावी; लांबी एक ते दीड फूट. हिरवी कोंवळी फांदी कुजते. चीक डोळ्यांत किंवा जखमेंत जाऊं देऊं नये; तो दाहक व विषारी आहे, आणि गाई-बकऱ्या या झाडास सहसा तोंड लावीत नाहींत त्याचें कारणही तेंच. तोडलेला छाट लागलीच मातींत घालणें ही सर्वत्र होणारी चूक होय. तो सावलींत, वारा खेळेल अशा जागीं, आठ ते पंधरा दिवस आडवा ठेवावा. चीक आटून कापलेली बाजू कोरडी व कठीण झाली म्हणजे मगच लावावा. वाळूमिश्रित मातींत तीन-चार इंच खोल पुरून आधारास काठी बांधावी. एकदां पाणी द्यावें, आणि त्यानंतर माती पूर्ण सुकल्यावांचून देऊं नये. सहा ते आठ आठवड्यांत मुळें धरतात. पानें आधीं फुटलीं म्हणून मुळें आलीं असें समजून छाट उपटून पाहूं नये. फांदींतील ओलाव्यावरच पहिलीं पानें फुटतात. चैत्रापर्यंत लाविलेला छाट पावसापूर्वी मूळ धरतो. आषाढांत लाविलेला बहुधा कुजतो.

जमिनीचा विचार याहून महत्त्वाचा. वरोऱ्याकडील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसांत चिखल धरते. तेथें सपाटीवर खड्डा खणून झाड लावणें म्हणजे त्यास हौदांत बुडविणें होय. अशा ठिकाणीं दोन हात व्यासाचा, हातभर उंचीचा ओटा करावा, तळाशीं विटांचे तुकडे व मुरूम घालावा, आणि वर मुरूम, वाळू व थोडें जुनें शेणखत मिसळलेली माती घालून त्यांत झाड लावावें. ब्रह्मपुरी, मूल, आरमोरीकडे धानाच्या बांध्यांचा प्रदेश. तेथें बांधीच्या सखल भागांत किंवा बोडीच्या पाझराखालीं न लावतां धुऱ्यावर किंवा मुरमाड उंचवट्यावर लावावें. खरडी, बरड जमीन, जींत दुसरें कांहीं नीट येत नाहीं, ती याला मानवते. दोन झाडांत १२ ते १५ फुटांचें अंतर पुरे.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यास एक वेळ पाणी द्यावें, खोडाभोंवतीं पालापाचोळा पसरावा, आणि कोंवळ्या खोडाची साल पश्चिमेच्या उन्हानें भाजूं नये म्हणून तीस चुन्याचा हात द्यावा. तिसऱ्या वर्षापासून पाण्याची गरज जवळजवळ राहत नाहीं. खत मृगाच्या सुमारास एकदां, तेंही बेताचें. फार खतावलेलें झाड पानांनीं माजतें व फुलें देत नाहीं. छाटणीविषयीं एक नियम लक्षांत ठेवावा. फूल फांदीच्या टोंकासच येतें, आणि फुलून झाल्यावर त्या टोंकाखालून दोन-तीन नवीं टोंकें निघतात. झाडाचा दीपमाळेसारखा आकार होतो तो यामुळें. जो प्रतिवर्षीं टोंकें छाटून झाड ‘नीट’ करतो, तो आपल्याच हातानें फुलें तोडतो. मेलेली किंवा आडवी आलेली फांदी तेवढी हिंवाळ्यांत काढावी.

रोग फार नाहींत. पावसाच्या अखेरीस पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी भुकटी दिसते, तो तांबेरा. गळलेलीं पानें जाळून टाकावींत, हिंवाळ्यांत सर्व पानें झडतातच. खोड मऊ पडून आंतून काळें झालें, तर निरोगी भागापर्यंत कापावें व वरचा चांगला तुकडा वाळवून नव्यानें लावावा. इतक्या सहजपणें दुसरा जन्म घेणारें झाड विरळा. सिंहलद्वीपांत विहारांच्या आवारांत व जावा-बली बेटांत स्मशानांत हेंच झाड लाविलें जातें, त्याचें कारण यांतच असावें.

रोपवाटिकेंत जाणाऱ्यानें जातींविषयीं सावध असावें. टोंकदार पानांचें, हिंवाळ्यांत पर्णहीन होणारें तें आपलें जुनें झाड. त्याचा वास उत्तम. बोथट, चकचकीत व बारमाही पानांचें पांढरें झाड निराळ्या जातीचें. वास आहे, पण पानें टाकीत नसल्यामुळें उन्हाळ्यांत पाणी अधिक मागतें. तिसरें, चमच्याच्या आकाराच्या पानांचें, हल्लीं ‘नागचंपा’ या नांवानें विकतात. शोभेस बरें, वास जवळजवळ नाहीं. आणि नांव तर सर्वस्वी चुकीचें, कारण ग्रंथांतील नागचंपक म्हणजे नागकेसराचा वृक्ष. जुना घोटाळा निस्तरण्यापूर्वीच बाजारानें हा नवा उत्पन्न केला आहे.

जुन्या इमारतीजवळ झाड लावावयाचें असल्यास देवचाफ्याइतकें निरुपद्रवी दुसरें झाड नाहीं. पिंपळ व वड यांचीं मुळें शिळा उचलून टाकतात. याचीं मुळें आटोपशीर राहतात. तथापि पायापासून आठ-दहा फूट दूरच लावावें, कारण काळ्या जमिनींत पायाशीं पाणी देणें हेंच भिंतीस अपायकारक. मार्कंड्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या हद्दींत पुरातत्त्व खात्याच्या अनुज्ञेवांचून खड्डा खणूं नये, इ. स. १९५८ च्या कायद्यानें तसें करण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तसेंच, कित्येक भाविक पोथी वाचून झाल्यावर पानांत देवचाफ्याचें फूल ठेवतात. तें मांसल असल्यानें ओल धरतें, काळें पडतें व अक्षरांवर डाग पाडतें. पोथींत वेखंडाचा कोरडा तुकडा ठेवावा. फूल देवास वाहावें.

रिठींतील किंवा मोडकळीस आलेल्या देवळापाशींचें जुनें झाड उन्मळून पडण्याच्या बेतास आलें असेल, तर मालकाच्या संमतीनें त्याचे दोन-तीन छाट घेऊन ठेवावे. प्रत्येक छाटास कथिलाच्या पत्र्याची चकती बांधून तीवर गांव, तालुका, झाडाची जागा (देवळाच्या कोणत्या दिशेस, किती पावलांवर) व छाट घेतल्याची मिति खिळ्यानें कोरावी, आणि हीच नोंद आपल्या हस्तलिखितांच्या यादीच्या वहींत उतरून ठेवावी. पत्रा गंजतो किंवा पोरें काढून नेतात.